वाचलेले गाव

तीस वर्षे मी ज्या गावाविषयी बोलत आलो, ते गाव वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मी पाहिलेले नव्हते, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांपैकी फारशी कोणाच्या ध्यानात आली नसावी. इंग्रजीच्या अध्यापकाने लंडन पाहिलेले असावे, असे आमच्याकडे कोणी मानीत नाही. आणि खरे सांगायचे तर मीही मानीत नव्हतो. धुळ्याच्या ४४ अंशांच्या उन्हात, पंखा बंद पडलेल्या वर्गात, मी डिकन्सच्या लंडनमधले धुके शिकविले आहे. मोठ्या पुलाखाली पांझरेचे पात्र वाळूने पांढरे पडलेले असताना देवपुराहून तो पूल ओलांडून महाविद्यालयात जायचे, आणि तेथे वर्डस्वर्थने वेस्टमिन्स्टर पुलावरून पाहिलेली थेम्स नदी मुलांना समजावून द्यायची, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. त्यात काही विसंगती आहे असे मला कधी वाटले नाही. न पाहिलेल्या वस्तूवर इतक्या आत्मविश्वासाने बोलता येणे हेच विद्वत्तेचे लक्षण असावे, असा काहीसा ग्रह मात्र मनात मुरला होता.

गेल्या वर्षी मे महिन्यात हा ग्रह बरोबर घेऊन मी विलायतेस गेलो. आमची कन्या नोकरीच्या निमित्ताने लंडनच्या वायव्येकडील हॅरो या उपनगरात राहते. अडीच महिने येऊन राहा, असा तिचा आग्रह होता. तयारी आम्ही उभयतांनी आपापल्या परीने केली. पत्नीने कळण्याचे पीठ, ज्वारीच्या बिबड्या, घरचा काळा मसाला, एक लहानसे निरांजन आणि वातींची पुडी बांधून घेतली. मी एक यादी केली. लंडनमधील त्रेसष्ट स्थळे, ग्रंथकारांच्या कालानुक्रमाने लावलेली. चॉसरपासून आरंभ आणि एलियटपाशी समाप्ती. मी वाटाड्या आणि ती यात्रेकरू, अशी कामाची वाटणी न बोलताच झाली होती. लग्नापासून आमच्या घरात तीच वाटणी चालत आलेली होती.

विलायतेविषयी तिने एकच पुस्तक वाचले होते, आणि तेही मीच आणून दिले होते : पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’. १९६० साली निघालेले ते पुस्तक मराठी घरांतून किती वाचले गेले हे सांगावयास नको. वाचून झाल्यावर ती म्हणाली होती, “पुस्तक फार छान आहे. पण सुनीताबाईंना तिथे काय दिसले, ते त्यांना विचारायला हवे होते.” मी त्या वेळी हसलो होतो. ती टीका आहे असेही मला वाटले नव्हते.

आम्ही हॅरोला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होती. निदान घड्याळात तरी होती. बायरन आणि पंडित नेहरू ज्या शाळेत शिकले ती शाळा समोरच्या टेकडीवर आहे, हे मी गाडीतून उतरता उतरताच पत्नीला सांगितले. तिने टेकडीकडे पाहिले, मग आकाशाकडे पाहिले आणि विचारले, “अहो, इथे दिवेलागण कधी होते?” साडेसात वाजले होते आणि ऊन स्वच्छ पडले होते. आठ वाजले, साडेआठ वाजले. निरांजन ओट्यावर तसेच. उत्तर अक्षांश, पृथ्वीच्या आसाचा कल, उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची येथील रीत, या सर्वांवर मी तिला एक सुबोध व्याख्यान दिले. ते तिने शांतपणे ऐकून घेतले. नऊच्या सुमारास सूर्य मावळला. परंतु त्यानंतरही उजेड रेंगाळतच राहिला, आणि प्रवासाने थकलेली ती दिवा न लावताच झोपी गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या व्याख्यानात नव्हते, हे माझ्या लक्षात आले ते चौथ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्या कामावर गेली आणि आम्ही दोघेच भुयारी रेल्वेने वेस्टमिन्स्टरला आलो. कालानुक्रम मोडून मी पहिला मान त्या पुलाला दिला होता. पुलाच्या मध्यभागी उभा राहून मी डोळे मिटले. आता ते उघडले की १८०२ सालची ती पहाट दिसेल, अशी माझी खात्री होती. उघडले तेव्हा लाल दुमजली बसगाड्या, सेल्फी काढणारी मंडळी आणि नदीपलीकडचे ते अवाढव्य फिरते चक्र दिसले. त्याचेही मला दुःख नव्हते; काळाचा महिमा म्हणून ते मी सोडून दिले असते. परंतु कठड्याशी पूर्वी वाचलेली एक गोष्ट एकाएकी आठवली : हा पूल १८६२ साली वाहतुकीला खुला झालेला. वर्डस्वर्थ ज्यावरून गेला तो त्यापूर्वीचा, १७५० सालचा पूल केव्हाच पाडून टाकलेला. म्हणजे मी ज्या दगडांना मनोमन वंदन करीत होतो ते दगडच दुसरे होते. ही माहिती मला नव्हती असे नाही. टिपणवहीत ती माझ्याच अक्षरात होती. पण टिपणवहीतली माहिती आणि पायांखालचा पूल यांची गाठ आजवर पडलेली नव्हती.

पत्नी तोवर खाली पाण्याकडे पाहत होती. “पाणी मातकट आहे,” ती म्हणाली, “आपल्याकडे पहिल्या पुराचे असते तसे.” मी तिला पार्लमेंटच्या इमारतीकडे लक्ष देण्याची विनंती केली.

तेथून नदीच्या काठाकाठाने चालत आम्ही बागेत आलो. त्या बागेत १८७१ साली उभारलेला सर जेम्स आउट्रॅम याचा पुतळा आहे. लखनौच्या वेढ्यातला सेनापती म्हणून इंग्रजांना तो स्मरतो. परंतु खानदेशच्या माणसाला त्याचा परिचय अधिक जुना आहे. १८२५ साली तरुण वयात तो खानदेशात आला आणि त्याने भिल्लांची पलटण उभी केली. तिचे ठाणे होते धरणगाव. मी हे सांगत असता पत्नीने मला थांबविले. “आमचे धरणगाव?” ते तिचे माहेर. ती पुतळ्याच्या समोर गेली आणि बराच वेळ त्या काशाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मला वाटले, आता इतिहासाविषयी काही प्रश्न येईल. ती म्हणाली, “बालकवीही आमच्याच गावचे. ह्या माणसाने आमच्या गावाहून जे नेले ते इथे उभे राहिले. बालकवींनी जे दिले ते आम्ही चौथीत पाठ केले.” एवढे बोलून ती चालू लागली. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० साली धरणगावात जन्मले, हे मला ठाऊक होते. आउट्रॅमही ठाऊक होता. त्या दोघांना एका वाक्यात बसविण्याचे मला मात्र कधी सुचले नव्हते.

दुपारी बागेतच बसून आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या, आणि चारच्या सुमारास पुन्हा त्याच पुलावरून स्टेशनाकडे निघालो. पुलावर पोहोचताच ती थबकली. “अहो, नदी उलटी वाहते आहे.”

मी सौम्यपणे म्हणालो की, नद्या उलट्या वाहत नसतात.

“सकाळी एक लाकडाचा ओंडका ह्या बाजूने त्या बाजूला गेला होता. मी पाहिला होता. आता ती बाटली पाहा.” एक प्लास्टिकची बाटली खरोखरच सकाळच्या उलट दिशेने, संथपणे, समुद्राकडून देशाकडे चालली होती. सकाळी काठाशी दिसणारा चिखलाचा पट्टाही पाण्याखाली नाहीसा झाला होता. “माझ्या बहिणीकडे ठाण्याला खाडीचे पाणी असेच येते आणि जाते,” ती म्हणाली. “इथून समुद्र जवळ असला पाहिजे.”

रात्री मी शोध घेतला. थेम्सला लंडनमध्ये दिवसातून दोनदा भरती येते. टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत समुद्र नदीत शिरतो, आणि लंडन ब्रिजपाशी पाणी जवळजवळ सात मीटर, म्हणजे दुमजली घराच्या उंचीइतके, चढते आणि उतरते. वर्डस्वर्थच्या त्या सुनीतात नदीच्या स्वच्छंद गतीचा उल्लेख आहे. त्या एका शब्दावर मी दरवर्षी पाऊण तास बोलत आलो : निसर्गाचे स्वातंत्र्य, यंत्रयुगाचा विरोध, रूसोचा प्रभाव. ही नदी दिवसातून चार वेळा आपले मन बदलते, एवढी साधी गोष्ट मात्र मी एकाही विद्यार्थ्याला सांगितली नव्हती, कारण ती माझ्या कोणत्याही पुस्तकात अधोरेखित केलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या रात्री मला झोप येऊ देईना. १८०२ च्या जुलैच्या अखेरीस त्या पुलावरून गाडी गेली तेव्हा तीत वर्डस्वर्थ एकटा नव्हता. बहीण डॉरोथी शेजारी बसली होती. त्या सकाळचे वर्णन तिने आपल्या रोजनिशीत गद्यात करून ठेविले आहे. भावाचे सुनीत जगभर शिकविले जाते; बहिणीच्या रोजनिशीचा निर्देश मी वर्गात करीत असे तो तळटीप म्हणून, घंटा होण्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात. गाडी एकच, खिडकी एकच. सुनीताबाईंना काय दिसले ते विचारायला हवे होते, हे वाक्य मला तेव्हा अंधारात पुन्हा ऐकू आले. या वेळी मी हसलो नाही.

पुढच्या दिवशी आम्ही वेस्टमिन्स्टर ॲबीत गेलो. दोघांच्या तिकिटांचे रुपये करून पाहिले तर ते सहा हजारांच्या वर गेले. “समाधीच्या दर्शनाला एवढे?” एवढेच ती बोलली. कविकोपऱ्यात मी मात्र रंगून गेलो. चॉसर येथे १४०० साली पुरला गेला, शेक्सपियरचे नुसते स्मारक आहे, तो स्वतः स्ट्रॅटफर्डला आहे, असे मी सांगत होतो. सांगता सांगता पाहिले तर पत्नी माझ्या शेजारी नव्हती. ती पाच पावले दूर, भिंतीला लागून, लंगडीचा डाव खेळत असल्यासारखी पाऊल जपून टाकीत चालली होती. जमिनीतल्या फरशांवर कोरलेल्या नावांना पाय लागू नये म्हणून तिची ती धडपड होती. “आपण अक्षरांवर पाय ठेवतो का कधी?” ती हळूच म्हणाली. “आणि तुम्ही कोणावर उभे आहात ते पाहा.” मी खाली पाहिले. मी चार्ल्स डिकन्सवर उभा होतो. ज्याच्या धुक्यावर माझा तीस वर्षे चरितार्थ चालला, त्याच्या नावावर बूट रोवून मी चॉसरविषयी बोलत होतो. मी पटकन बाजूला झालो आणि मनातल्या मनात क्षमा मागितली. कोणाची, हे नीटसे सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी यादी गुंडाळून ठेवावी आणि केवळ तिच्या आवडीचे असे काही दाखवावे, असे मी ठरविले. साउथ केन्सिंग्टनचे व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय मला त्यासाठी योग्य वाटले. तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत हे ऐकून तीही संतुष्ट झाली. माझ्या मनात एक गुपित होते : अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला त्या संग्रहालयाच्या मालकीच्या आहेत, त्या तिला अचानक दाखवायच्या.

भारतीय वस्तूंच्या दालनात गेलो. वस्त्रे होती, शस्त्रे होती, हस्तिदंत होते. अजिंठा कोठे दिसेना. एका रखवालदाराला विचारले. त्याने फार सभ्यपणे सांगितले की ती चित्रे मोठी व नाजूक असल्यामुळे कोठारात जपून ठेवलेली असतात. आज त्यांपैकी एकही मांडलेले नाही. माझे तोंड उतरले. आम्ही बाकावर बसलो, आणि जे दाखविता आले नाही ते मी सांगू लागलो. तेवढीच कला मला अवगत आहे.

मद्रासच्या फौजेतला मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या नकला करण्याच्या कामावर आला आणि वर्षानुवर्षे तेथेच रमला. त्याची चित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेली. गिल १८७९ मध्ये वारला; त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. त्याच्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पेस्तनजी बोमनजी प्रभृती विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा नकला केल्या. त्या येथे आल्या, आणि १८८५ साली येथेही आग लागून त्यांतल्या पुष्कळ नष्ट झाल्या. उरल्या त्या खाली कोठारात आहेत. दोन पिढ्यांचे श्रम समुद्र ओलांडून येतात आणि दोन्ही वेळा अग्नीच्या मुखी पडतात. मूळ चित्रे मात्र डोंगराच्या अंधारात जशीच्या तशी नसली तरी आहेत. यावर मी थोडे तत्त्वज्ञानही सांगितले असावे.

ती ऐकत होती. मग तिने विचारले, “अजिंठा आपल्या घरापासून किती लांब?”

“दीडशे किलोमीटर असेल. जळगावपर्यंत जायचे आणि तेथून साठ.”

“आणि आपण इथवर किती आलो?”

“सात हजार.”

यापलीकडे ती काही बोलली नाही, आणि बोलण्याची आवश्यकताही नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तिला म्हणालो होतो की, या सुटीत आपण अजिंठा पाहू. त्या सुटीत उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. पुढच्या वर्षी कन्येचा जन्म झाला. त्यापुढे वडिलांचे आजारपण, घराचे बांधकाम, परीक्षांची कामे. कारणे सगळी खरी होती. परंतु याच वर्षांत मी स्वतः चार वेळा अजिंठ्याला जाऊन आलो होतो : तीनदा विद्यार्थ्यांच्या सहलींबरोबर आणि एकदा बाहेरगावच्या पाहुण्या प्राध्यापकांना घेऊन. ही गोष्ट मी विसरलो होतो असे म्हणण्यापेक्षा, ती आठवण्याचा प्रसंगच मी स्वतःवर येऊ दिला नव्हता असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

“चारही वेळा डबा मी दिला होता,” काही वेळाने ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. हिशेबाच्या वहीतला एखादा आकडा वाचून दाखवावा तसे ते शब्द होते. “पद्मपाणी हसतो की खिन्न असतो, ते तुम्ही येऊन दर वेळी वेगळे सांगायचात.”

तक्रार असती तर मला उत्तर देता आले असते. इतक्या वर्षांच्या वादविवादांनी तेवढे वकिली चातुर्य अंगी आले आहे. या वाक्याला उत्तर नव्हते. मी खिशातून यादी काढली. ती तिने माझ्या हातून घेतली, उलगडून वरपासून खालपर्यंत वाचली, आणि त्रेसष्टाव्या स्थळाखाली आपल्या अक्षरात एकच शब्द लिहिला. मग कागदाची घडी घालून तो स्वतःच्या पिशवीत ठेवला.

मी तीस वर्षे लंडन वाचले, आणि तेवढीच वर्षे माझ्या घरात कोणीतरी पाहत होते. पाहणाऱ्या माणसाला वाचणारा माणूस सतत सांगत असतो. आणि पाहणारा ऐकत राहतो म्हणून वाचणाऱ्याला वाटते की, आपल्याला दिसतेही. देवपुरात हे उघडकीस येण्याचे कारण नव्हते. तेथे तिचे जग आणि माझे जग यांमध्ये पांझरेचा पूल होता. सकाळी मी पलीकडे जात असे आणि संध्याकाळी येताना पलीकडच्या गोष्टी घेऊन येत असे. परक्या गावी प्रथमच आम्ही दोघे सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच काठावर होतो.

चौथ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला आणि आम्ही घरीच राहिलो. तिने भरीत करायचे ठरविले. आमच्याकडे भरताचे वांगे पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. येथे ते विजेच्या शेगडीवर धरताच छतावरच्या धुराच्या घंटेने असा काही आक्रोश मांडला की, मी टॉवेल हलवीत खुर्चीवर चढलो आणि ती पदराने तोंड झाकून हसत सुटली. जेवणे झाली, पाऊसही उघडला. मी पुस्तक घेऊन बसलो. अडीच वाजता ती उठली, हातपाय धुऊन आली, खिडकीपाशी पाट मांडला आणि त्यावर निरांजन ठेवून वात लावली.

बाहेर लख्ख ऊन पडले होते. त्या उजेडात ज्योत आहे की नाही हेही नीट दिसत नव्हते. मी घड्याळाकडे पाहिले, आणि प्रश्न ओठांवर येण्यापूर्वीच उत्तर लक्षात आले. साडेचार तासांचा फरक. देवपुरात सात वाजले होते. तेथे या क्षणी माझी वृद्ध आई भिंतीला धरून देवघरापर्यंत आली असेल आणि तिनेही वात लावली असेल. अक्षांशाचे आणि पृथ्वीच्या आसाचे जे गणित मी पहिल्या दिवशी मांडले होते, ते तिने तीन दिवस मनात ठेवून असे सोडविले होते. पुस्तक मिटून मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. काही सांगावे असे मला वाटले नाही.

यादीतील त्रेसष्टांपैकी एकवीस स्थळे आम्ही पुढे पाहिली, उरलेली राहिली. ऑगस्टच्या आरंभी परत आलो, आणि पावसाळा सरता सरता चौसष्टाव्या स्थळीही जाऊन आलो. वाघूर नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. लेण्यांत मी कंदिलासारखा मागे मागे चाललो आणि शक्य तितका गप्प राहिलो. तेथे तिला काय दिसले ते मी येथे लिहीत नाही. ते तिला विचारायला हवे.